पेनिसिलीनचे गाव

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाच्या हृदयाची झडप सांधेतापाने बिघडली आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला पेनिसिलीनचे इंजेक्शन लागते. परवा बाई चार दुकाने हिंडल्या. “हल्ली येत नाही,” एवढेच उत्तर!

आणि हे कुठे, तर पिंपरीत! याच गावी १९५४ साली सरकारने युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा कारखाना काढला. नफ्यासाठी नव्हे, परदेशी औषध न परवडणाऱ्यांसाठी.

वाचकहो, औषध स्वस्त झाले की विकणाऱ्याला त्यात गोडी उरत नाही. मग ते वस्तीतल्या दवाखान्यातूनही नाहीसे होते. नफ्याकडे न पाहता ते करणारा कोणीतरी लागतोच.

बाईंना इंजेक्शन अखेर सरकारी दवाखान्यात मिळाले. तीन आठवड्यांचा घोर मिटला. पुढे?