जळगावचा मसाला सुरतेत विकायचा, तर वेबसाईट पुरेशी आहे का?

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला रवाना झाली. खान्देशाच्या मालाचं नाव असं लांबवर पोहोचलं आहे. पण याच जळगाव-धुळ्यात काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड किंवा केळीचे वेफर बनवणारे अनेक लहान उद्योग अजूनही ओळखीपाळखीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरवर चालतात.

यांच्यासाठी स्वतःची वेबसाईट खरंच फायद्याची आहे का? आणि ती चालवताना नेमकं कुठे अडतं?

सोशल मीडिया असताना वेबसाईट कशाला?

सोशल मीडियावरचं पेज म्हणजे भाड्याचा गाळा. मालकाने दार बंद केलं की गिऱ्हाईक तुटतं. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांचे फॉलोअर एका रात्रीत हातचे गेले. गुगलने छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाईलसोबत मोफत वेबसाईट दिली होती. ती सोयही कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केली.

स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, दरवर्षी नूतनीकरण केल्यास आपल्याकडे राहतो. देवनागरीतला पत्ताही घेता येतो. '.भारत' हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं.

मात्र हे डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आधी तपासायला हवं. वेबसाईट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल, तर पुढे वाद झाल्यावर दुकानाचा पत्ताच त्याच्या ताब्यात राहतो.

सुरतेची ऑर्डर आली तर काय?

पुणे, मुंबई आणि नाशिकप्रमाणेच सुरतेतही खान्देशी लोकांची मोठी वस्ती आहे. घरच्या चवीचं हे हक्काचं गिऱ्हाईक. पण सुरत गुजरातमध्ये आहे आणि जीएसटीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर मोजके अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात माल पाठवताच येत नाही.

म्हणजे फक्त पापड विकणाऱ्याची अडचण कमी, कारण पापडावर जीएसटी नाही. त्याच वेबसाईटवर मसाल्याचं पाकीट ठेवलं की हिशोब बदलतो, कारण मसाला करपात्र आहे. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या ऑनलाईन बाजारपेठांवर लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय विक्रीची सवलत मिळाली, पण तीही राज्यांतर्गत विक्रीपुरतीच.

वेबसाईटवर काय लिहिणं बंधनकारक आहे?

ऑनलाईन विक्रीसाठी केंद्राचे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. स्वतःच्या वेबसाईटवरून स्वतःचाच माल विकणारेही त्यांच्या कक्षेत येतात. व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाईटवर द्यावं लागतं. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. छोट्या उद्योगात हे काम अर्थातच मालक किंवा मालकीणच करणार.

पाकीटबंद मालाची किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादकाचं नावही वेबसाईटवर दिसायला हवं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो.

मग खरा खर्च कुठे होतो?

वेबसाईट बनवण्याचा खर्च एकदाचा असतो, ती चालवण्याचा रोजचा. डाळीचे, मिरचीचे भाव बदलले की दर बदलावे लागतात. बिबडे उन्हाळ्यात होतात. साठा संपला तरी पानावर 'उपलब्ध' दिसत राहिलं, तर आलेले पैसे परत करण्याची वेळ येते. पेमेंट गेटवेचं शुल्क वेगळं. पाव किलो मसाल्याला कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून किमान ऑर्डर ठरवणं किंवा दोन-तीन पदार्थांचा एकत्र संच विकणं सोयीचं पडतं.

त्यामुळे पहिल्याच दिवशी पूर्ण ऑनलाईन दुकान थाटण्याची गरज नाही. पदार्थांचे खरे फोटो, चालू दर, कोणत्या महिन्यात काय मिळेल आणि फोन नंबर एवढं असलेलं मराठी पानही सुरुवातीला पुरतं. ऑर्डर फोनवर घेता येते. पार्सल वेळेत जातायत, हिशोब जुळतोय आणि परराज्यातून मागणी येतेय असं दिसलं, की जीएसटी नोंदणी आणि ऑनलाईन पेमेंटचा खर्च अंगावर घेण्यात अर्थ आहे.