अंश दवाखान्यात, छेद गावात

परिचारिकेने सेवा करावी, आकडेमोड डॉक्टरांनी आणि जिल्ह्याच्या कचेरीने पाहावी, ही समजूत आपल्या आरोग्यव्यवस्थेत खोल मुरली आहे. नर्सिंगची पदवी घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी झालेल्या सिस्टरकडूनही आपण भरलेले रकाने मागतो, निष्कर्ष मागत नाही. ही समजूत नर्सिंगच्या इतिहासालाही धरून नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मृत्यूंची महिनावार मांडणी करून दाखवले. 1858 साली त्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. त्यांचा दिवा आपण दरवर्षी मे महिन्यात आठवतो. त्यांची मोजणी मात्र अभ्यासक्रमातल्या एका प्रकरणापुरती उरली आहे, आणि अहमदपूरसारख्या तालुक्याला नेमकी तिचीच गरज आहे.

अहमदपूर लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. अवघडलेली बाळंतीण किंवा कमी वजनाचे बाळ इथून कधी लातूरला जाते, कधी नांदेडला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथे होते. म्हणजे एकाच तालुक्याचे दुःख दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विभागले जाते. 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले आणि त्यांत 12 नवजात होते, तेव्हा औषधे आणि मनुष्यबळ यांवर वादळ उठले. ते उठायलाच हवे होते. पण रुग्णालयातला आकडा हा अपूर्णांकाचा अंश असतो. ती बाळे कोणत्या गावांतून आली, तिथे तेवढ्या काळात एकूण किती जन्म झाले, त्यांतली किती कमी वजनाची होती, कुठल्या टप्प्यावर वेळ गेला, हा छेद उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि आशाताईच्या घरभेटींत असतो. छेद हाती असलेल्या बाईला अंश कळवला जात नाही, आणि अंशावर बोलणाऱ्यांना छेद ठाऊक नसतो.

बीडचे उदाहरण याहून कठोर आहे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या जातात ही गोष्ट गावोगाव माहीत होती. 2019 मध्ये राज्य शासनाच्या समितीने पाहणी केली तेव्हा 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढल्याचे पुढे आले, म्हणजे शंभरात जवळपास 17. प्रत्येक शस्त्रक्रिया एकेकटी पाहिली तर तिला कारण होते : अंगावरून जाणे, कंबरदुखी, कर्करोगाची घातलेली भीती. मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड केसपेपरवर येत नाही. तो दिसतो शंभर बायांचा हिशेब एकत्र मांडल्यावर, वय आणि काम यांच्याशी ताडून पाहिल्यावर. हा हिशेब गावातल्या सिस्टरला सर्वांत आधी मांडता आला असता, तिला तो मांडायला सांगितलेच नव्हते. त्यातच ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबे महिनोन्महिने परमुलखात असतात. तेव्हा ती गावच्या यादीत असतात पण भेटीत नसतात, आणि कारखान्याच्या भागात कोणाच्याच यादीत नसतात. छेदच स्थलांतर करतो, हे ओळखून आकडा वाचणे हे साथरोगशास्त्रातले नाजूक काम आहे, आणि कोणते घर कधी गेले ते सिस्टरलाच ठाऊक असते.

असा हिशेब सिस्टरने मांडावा, यावर पहिला आक्षेप सबळ आहे : उपकेंद्राची लोकसंख्या पाच हजार, हजारी 16 जन्म धरले तरी वर्षाला 80. एक अर्भक दगावले की दर एकदम हजारी साडेबाराने वाढतो. अशा आकड्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे, हे खरेच. पण त्यावरचा उपाय मोजणी सोडून देणे हा नव्हे. तीन वर्षांचे, शेजारच्या दहा उपकेंद्रांचे आकडे एकत्र केले की जन्म 2400 होतात आणि दराला स्थैर्य येते. शिवाय एकेका मृत्यूची कारणमीमांसा लहान संख्येतही करता येते. दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. आरोग्यसेविका नोंदवह्या आणि अ‍ॅप यांखाली दबल्या आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांना दमवते ती वर पाठवली आणि कधीच परत न आलेली माहिती. एकात्मिक रोग सर्वेक्षणात संशयित रुग्णांचा नमुना त्याच भरतात. त्या आकड्यांचा आलेख त्यांच्याच भिंतीवर लागला तर काम वाढत नाही, त्याला अर्थ येतो. निम्म्या नोंदवह्या कमी कराव्यात, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

उरतो पात्रतेचा प्रश्न, आणि त्याला गडचिरोलीने उत्तर दिलेले आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना जन्म-मृत्यूची नोंद आणि नवजाताची घरी काळजी शिकवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार 39 गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही. जे थोड्या शिकलेल्या गावकरी स्त्रीला जमले, ते चार वर्षे नर्सिंग शिकलेल्या मुलीला जमणार नाही असे म्हणणारे तिची क्षमता तपासत नाहीत, तिचा हुद्दा पाहतात. वाढलेला आकडा दिसला की तिला नोटीस मिळते, म्हणून आकडे दबतात, ही भीती खोटी नाही. तेव्हा अहमदपूरपासून सुरुवात करून तीन गोष्टी लेखी आदेशाने द्याव्यात : लातूर आणि नांदेडच्या रुग्णालयांतून तालुक्यातल्या प्रत्येक माता-बालमृत्यूची खबर आठवड्याच्या आत संबंधित उपकेंद्राला, महिन्याच्या तालुका बैठकीत सिस्टरला आपले आकडे स्वतः मांडून उपाय सुचवण्याचा अधिकार, आणि प्रामाणिक नोंदीबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही अशी हमी.