वाघनखांची पेटी कोणी वाचली?

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. ज्या जावळीच्या खोऱ्यात हे घडले, त्याचे नाव आज मेढा हे मुख्य ठिकाण असलेल्या तालुक्याकडे आहे. गड मात्र महाबळेश्वर तालुक्यात गेला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्यात आली आणि मेढ्यापासून मुंबईपर्यंत एकच वाद रंगला: खरी की खोटी?

ही तीच वाघनखे आहेत याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच म्हणते. मग दोन्ही बाजूंचा एवढा आवेश कशासाठी? त्यापेक्षा पेटीवरचा लेख वाचावा.

लेखाचा आशय असा: या वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले, जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती त्याला दिली. अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. पेशवा हाच मुळी छत्रपतींचा मुख्य प्रधान; त्याचा हा आणखी पंतप्रधान कोण? शिवाय ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमला शरण गेला आणि पेशवाईच संपली.

एवढे घोळ ज्या लेखात आहेत, त्यातले ‘दिली’ हे क्रियापद मात्र सारे निमूटपणे स्वीकारतात. कोणी तर त्यावर ‘मैत्रीची भेट’ असा मुलामाही चढवतात.

ग्रँट डफ हा कंपनीच्या फौजेतील कॅप्टन. १८२२ पर्यंत साताऱ्याचा खरा कारभार त्याच्या हाती होता. १८१९ च्या तहानुसार छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीच्या संमतीवाचून इतर सत्तांशी व्यवहार ठेवण्याची मुभा नव्हती. अशा राजधानीत कोणी जेत्याच्या हाती शस्त्र ठेवले, तर त्याला भेट म्हणायचे? आपल्या दरबारी भाषेला हा फरक पक्का ठाऊक होता. वरून खाली येतात ती मानाची वस्त्रे. खालून वर जाते ती नजर, नजराणा. इंग्रजी नोंदीत ही दिशाच पुसली जाते, आणि मराठी लेखक तीच नोंद भाषांतरित करून मोकळे होतात.

कोल्हापूरचे उदाहरण अधिक उघडे आहे. १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला ‘जगदंबा’ तलवार मिळाली. देणारे चौथे शिवाजी तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे, १८७१ मध्ये दत्तक आलेले. संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. त्या मुलाला नकार देता आला असता, असे कोणी गंभीरपणे म्हणेल काय? पुढे १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्याच ताब्यात असताना, त्यांचा मृत्यू झाला. तलवार आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि तिथली नोंदही तेच सांगते: महाराजांनी अर्पण केलेली.