दात काढायला सरकार, बसवायला सावकार

आमच्या गल्लीत एक आक्का राहतात. आठवडी बाजारात भाजी विकतात. वय पन्नासच्या आसपास. परवा मला थांबवून म्हणाल्या, "दादा, तू पेपरात लिहितोस ना? मग मला एवढंच सांग. माझे दात गेले चार, आणि डॉक्टरनं पैसे घेतले सहाचे. वर माझे दोन चांगले सुळे घासले ते घासलेच. असं असतं का?"

असंच असतं, आक्का. पण ते तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, आणि तिथवर पोचायची वेळ तुमच्यावर आलीच का, हेही कुणी विचारलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण पूर्ण वाचा. तुमच्या घरातही कुणीतरी पदर तोंडावर धरून हसत असेल.

सुरुवातीपासून सांगतो. आक्कांना वर्षानुवर्षं मिसरीची सवय. खालच्या पुढच्या दातांना किटण धरलं, हिरड्या सुटल्या, मधले दोन दात हलायला लागले. सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं दोन्ही दात काढून मिळाले. गोळ्या मिळाल्या. पुढं काय, याचं उत्तर मिळालं नाही, कारण तिथं काढण्यापुढं काही होतच नाही.

मग बाजाराच्या कडेला टेबल मांडून बसणारा 'फिक्स दातवाला' गाठला. पाचशे रुपयांत, अर्ध्या तासात दोन दात बसले. आक्का खूश. हे दात कसे बसवतात माहीत आहे? माप नाही, काही नाही. दोन तयार दात ठेवायचे, तारेनं शेजारच्या दातांना बांधायचे आणि वरून पातळ अ‍ॅक्रिलिक ओतायचं. ते तिथंच, हिरडीवर, घट्ट होतं. त्याच्याखाली ना ब्रश जातो ना पाणी. अन्न अडकतं, हिरडी सडते आणि ज्या चांगल्या दातांच्या आधारानं हे सगळं उभं असतं तेच हलायला लागतात. आठ महिन्यांत आक्कांच्या तोंडात पू झाला. शेजारचे दोन दातही काढावे लागले. दोनाचे चार झाले.

नोंदणी नसलेल्या माणसानं दातांचे उपचार करणं १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं गुन्हा ठरवलं. कायद्याला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली. टेबल अजून बाजारातच आहे, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर. मी त्याच्यावर दोनदा बातमी केली. दोन्ही वेळा आठवडाभर टेबल उठलं आणि पुढच्या बाजाराला परत लागलं. कारण उघड आहे. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. आणि गिऱ्हाईक आहे, कारण दुसरीकडं परवडणारी सोयच नाही.

शेवटी आक्का खासगी डॉक्टरांकडं गेल्या. मुलीचं लग्न ठरलेलं, पाहुण्यांसमोर तोंड उघडायची चोरी. डॉक्टरांनी ब्रिज सांगितला. खालचे चार दात नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूचे सुळे घासून बारीक करायचे, माप लॅबला पाठवायचं आणि सहा दातांची एकसंध पट्टी त्या सुळ्यांवर सिमेंटनं चिकटवायची. मधले चार दात हवेत तरंगतात, भार दोन सुळ्यांवर. म्हणून बिल सहाचं. कॅपमागं तीन हजार, एकूण अठरा हजार. आक्कांनी बचत गटाकडून थोडे आणि दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या फायनान्सवाल्यांकडून बाकीचे उचलले. लग्न झालं. हप्ता चालू आहे.

आता मुद्द्याचं. ब्रिज वाईट नाही. नीट केला, नीट राखला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतो. दात गेला की मोकळ्या जागेकडं शेजारचे दात कलतात, समोरच्या ओळीतला दात त्या खड्ड्यात उतरायला लागतो, चावा बिघडतो. म्हणून बहुतेक वेळा रिकामी जागा भरणं हा नुसता दिसण्याचा हौसेचा मामला नसतो. ज्याला भाकरी कुस्करून, पाण्यात भिजवून खावी लागते त्याला विचारा.

पण ब्रिजची एक किंमत पैशात नसते. आधाराचा दात घासला की घासला. त्याच्या दिसणाऱ्या भागातला अर्ध्याहून जास्त भाग जातो आणि तो पुन्हा येत नाही. त्या दातांवर आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल तर ब्रिज शहाणपणाचा. दोन्ही दात धडधाकट असतील तर काढता-घालता येणारी छोटी कवळी किंवा इम्प्लांट, हे पर्याय रुग्णापुढं ठेवायला हवेत. कवळी स्वस्त, पण सवय लागायला वेळ घेते. इम्प्लांट महाग, पण शेजाऱ्यांना हात लावत नाही. अगदी मागची एखादी दाढ गेली असेल तर काही न बसवताही चालू शकतं. निवड रुग्णाची. त्यासाठी आधी त्याला कळायला हवं. आक्कांना सुळे घासून झाल्यावर कळलं.

डॉक्टर मंडळींनी रागावू नये. तुमच्यातल्या कित्येकांनी कर्ज काढून खुर्ची घेतली आहे, लॅबचं बिल, भाडं, कामवाल्यांचे पगार सगळं तुमच्याच डोक्यावर आहे, हे मला माहीत आहे. मी तुम्हाला फुकट काम करा म्हणत नाही. एक कागद द्या म्हणतो. कुठले दात घासणार, कॅप कुठल्या धातूची, दुसरे पर्याय काय, एकूण किती पैसे, आणि ब्रिजच्या खालून रोज साफ कसं करायचं. हे शेवटचं तर कुणीच सांगत नाही. खाली अन्न साचून आधाराचा दात कॅपच्या आतून किडला की अख्खा ब्रिज जातो, आणि कर्ज तेवढं उरतं.

पण माझा खरा राग सरकारवर आहे.

मोतीबिंदूचं उदाहरण घ्या. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात आणि त्या जागी लेन्सही बसवून देतात, मोफत. "मोतीबिंदू काढला, आता लेन्स बाहेरून बघा" असं कुणी म्हणतं का? मग दाताच्या बाबतीत नेमकं हेच का चालतं? काढणं हा उपचार आणि बसवणं ही चैन, हे ठरवलं कुणी?

महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्यांना, पाच लाखांपर्यंत, असे फलक चौकाचौकांत आहेत. त्या कार्डावर ब्रिज होत नाही. योजनांची सगळी रचना दवाखान्यात भरती होणाऱ्या आजारांभोवती आहे. अपघातात जबडा मोडला तर योजना आठवते. दाताच्या खुर्चीवर बसून उठून घरी जाणारा माणूस त्यात कुठंच बसत नाही. खासगी विम्याचंही बहुतेक तेच.

ज्येष्ठांसाठी २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या साहित्यात काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळी आहे. पण वय साठ लागतं, आणि आपल्या भागात शिबिर लागावं लागतं. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय पासष्ट, खात्यावर तीन हजार. कशासाठी याची यादी वाचा: चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. डोळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं आठवलं, तोंड तेवढं विसरलं. आणि पन्नाशीतल्या आक्का तर दोन्हीकडं बसत नाहीत.

दुसरीकडं हे जमलंय. कर्नाटकात गरीब ज्येष्ठांना कवळी देणारी 'दंत भाग्य' योजना निघाली, केरळात 'मंदहासम'. आपण मात्र शेजारच्या राज्याकडं बघून फक्त पाण्यावरून भांडतो.

काही जण खाली लिहितीलच, "मिसरी लावून, तंबाखू खाऊन दात घालवायचे आणि सरकारनं बसवायचे?" तंबाखू सोडा, हे मीही सांगतो. पण तंबाखूनं कॅन्सर झालेल्याला योजनेतून उपचार मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. मग आजाराला एक न्याय आणि दाताला दुसरा का?

मागण्या साध्या आहेत.

१. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आणि खुर्ची आहे तिथं कवळी आणि छोटा ब्रिज सुरू करा. डॉक्टर आहेत, खुर्ची आहे. कमी आहे ती मापाच्या साहित्याची आणि लॅबची. जिल्ह्यासाठी एका लॅबशी दर ठरवून करार करा.

२. राज्याच्या वयोश्री यादीत कवळी घाला, आणि गरिबांसाठी वयाची अट खाली आणा.

३. बाजारातली टेबलं कायमची उठवा. पण आधी पहिली मागणी पूर्ण करा, नाहीतर ती पुढच्या गावात लागतील.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही काही जण ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांना निवेदन देणार आहोत. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, एवढंच तूर्त म्हणणं. ज्यांनी दात बसवायला कर्ज काढलंय किंवा बाजारातल्या दातांनी ज्यांचं नुकसान झालंय त्यांनी यावं. नाव छापणार नाही, फोटो काढणार नाही. पावती असेल तर सोबत आणा.

आक्का येणार आहेत. बाजार सोमवारचाच असतो, एक दिवसाचा धंदा बुडवून येणार आहेत. आपल्याला निदान तासभर तरी काढता येईल.