नाचणारा चालतो, नाचणारी का नाही?

मैत्रिणींनो, परवा रिसोड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. ग्रामपंचायतीच्या महिला जागेसाठी आमच्यातलीच एकजण उभी राहायला तयार झाली. लग्नाआधी ती कलापथकात नाचायची. एक काकू पटकन म्हणाल्या, "नाचनारी बाई काय कारभार करन वं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ती मात्र खाली मान घालून बसली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण नाचणाऱ्या पुरुषाला आपण कधीच निवडून दिलेले आहे. २००४ साली उत्तर मुंबईत काँग्रेसच्या गोविंदाने राम नाईकांसारख्या मुरलेल्या मंत्र्याला हरवले. तो काय पडद्यावर कीर्तन करत होता? विनोद खन्ना तर १९८२ च्या सुमारास बायको आणि दोन मुलगे मागे ठेवून रजनीशांच्या अमेरिकेतल्या आश्रमात गेले. १९९८ मध्ये ते खासदार झाले, २००३ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री. देशाच्या वतीने परक्या सरकारांशी बोलायचे काम! लेकरे कोणावर टाकून गेला होतात, हा प्रश्न त्यांच्या आड आला नाही.

आता उर्मिला मातोंडकर. मतदारसंघ तोच, पक्षही तोच, साल २०१९. ती साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरली. केवळ बाई म्हणून हरली, असे मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये तिथे संजय निरुपमही चार लाखांवर मतांनी पडले होते. माझे भांडण मतांशी नाही, तोंडांशी आहे. तिच्या नवऱ्याचा धर्म प्रचारात उगाळला गेला. २०२० मध्ये कंगना राणावतने तिला 'सॉफ्ट पॉर्न स्टार' म्हटले. तेही बाईनेच! मार्च २०२४ मध्ये कंगनाला मंडीची उमेदवारी मिळाली, तेव्हा काँग्रेसच्या महिला प्रवक्त्यांच्या खात्यावरून तिचाच 'भाव' विचारला गेला. ते आपण लिहिले नाही, असे प्रवक्त्या म्हणाल्या. ज्याने लिहिले, त्याला शब्द शोधावा लागला नसणार.

आपल्या वाशीमने १९९९ पासून भावना गवळींना पाच वेळा लोकसभेत पाठवले. म्हणजे बाईला मत द्यायला आपला हात कचरत नाही. पायात चाळ बांधलेली बाई दिसली, की कचरतो.

अर्ज भरायला अजून चार दिवस आहेत. तिच्याबरोबर तहसीलवर कोण कोण येता? काकूंनाही मी विचारणार आहे.