धूर गल्लीत, डास घरात

पावसाळा लागला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसते. एखाद्या आळीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघतात, लोक ग्रामपंचायतीकडे धाव घेतात आणि संध्याकाळी धुराचे यंत्र घरघरत आळीत येते. पोरे त्याच्यामागे धावतात. घरातली मंडळी मात्र नाकाला पदर लावून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतात. धूर विरतो, काहीतरी झाले याचे सर्वांना समाधान वाटते. आणि आठ-दहा दिवसांनी त्याच आळीतला तिसरा रुग्ण आमच्या वॉर्डात दाखल होतो.

यात नवल काही नाही. ज्या डासासाठी एवढा खटाटोप झाला, तो त्या वेळी बंद दाराच्या आत, खाटेखाली बसलेला होता.

डासाची मादी घरात वाट कशी काढते, हे समजून घेतले तर आपली चूक लक्षात येते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हा तिला लागणारा पहिला सुगावा. तो लागला की तिची नजर गडद रंगाच्या वस्तू शोधू लागते. जवळ आल्यावर घामाचा वास, ओलावा आणि अंगाची ऊब तिला नेमक्या जागी आणून सोडते. शरीरातून बाहेर पडणारी अवरक्त उष्णता एडिस इजिप्तीच्या मादीला सुमारे ७० सेंटिमीटरवरूनही कळते, असे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले.

अंधारात भिंतीला न धडकता उडण्याची युक्ती तर आणखी अजब आहे. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासावरचा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. डासाच्या पंखांनी ढकललेली हवा जमिनीजवळ किंवा भिंतीजवळ वेगळ्या तऱ्हेने वाहते. हा बारीक फरक त्याच्या मिशांच्या बुडाशी असलेल्या अवयवाला जाणवतो. आपण दिवे गेल्यावर हात पुढे करून चाचपडतो, डास वाऱ्याने चाचपडतो.

रक्त पिऊन झाले की मादीला ते पचवायला आणि अंडी तयार करायला दोन-तीन दिवस निवांत जागा लागते. डेंग्यू पसरवणारी एडिस त्यासाठी घरातलाच अंधारा, गार, वारा नसलेला कोपरा निवडते. खाटेखाली, पडद्यामागे, कपाटाच्या आडोशाला, खुंटीवरच्या कपड्यांत. बहुतेकदा जमिनीपासून दीड मीटरच्या आत. आपल्याकडचे पावसाळ्यातले माजघर आठवा. उजेड बेताचा, दोरीवर चार दिवस न वाळलेले कपडे. तिला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

गल्लीतला धूर हवेत उडणाऱ्या आणि त्याच्या संपर्कात आलेल्या डासालाच मारतो. मागे त्याचा अंश राहत नाही, पाण्यातल्या अळ्यांवर आणि अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यात आपण दार लावून घेतो, म्हणजे डासाला अभयच देतो.

डासाच्या बसण्याच्या सवयीवर बेतलेला उपाय किती प्रभावी ठरतो, याचा धडा आपल्याच जुन्या मुंबई प्रांतात मिळाला होता. १९४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानडा व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारली. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस रक्त पिऊन भिंतीवर विसावतो आणि तिथेच मरतो, हे त्यामागचे गणित. हिवताप झपाट्याने उतरला. १९५३ मध्ये देशभर सुरू झालेला हिवताप नियंत्रण कार्यक्रम याच तत्त्वावर उभा राहिला. एडिस भिंतीपेक्षा सामानाच्या आडोशाला बसते, म्हणून तोच उपाय जसाच्या तसा चालत नाही. पण डास जिथे बसतो तिथे जायचे, हे सूत्र तेच राहते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : रुग्ण सापडला की फवारणी त्याच्या आणि शेजारपाजारच्या घरांत, खोलीच्या आत झाली पाहिजे. पायरेथ्रमची अशी फवारणी सरकारी कार्यक्रमात आहेच. ती करायला कर्मचारी आले की त्यांना ओटीवरून परत पाठवू नका. तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण एडिस दिवसा चावते आणि सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो.

एडिस जन्मल्या जागेपासून सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे आपल्याला चावलेली मादी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पाण्यातली. मागीलदारचे पिंप, वाडीतल्या करवंट्या, शाकारलेल्या होडीवरच्या ताडपत्रीत साचलेले पाणी, सगळे तिला चालते. तिची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंप आतून घासले पाहिजे.

मात्र सगळा दोष घरधनिणीच्या माथी मारणेही बरोबर नाही. नळाला दोन-तीन दिवसांनी पाणी येत असेल तर ती पिंपे भरून ठेवणारच. कोरडा दिवस पाळा, हे तिला सांगणे सोपे आहे; पाळायचा तर पाण्याची खात्री हवी. रोज पाणी मिळाले तर निम्मी पिंपे आपोआप उपडी होतील.

पुढच्या ग्रामसभेत ‘धूर कधी मारणार?’ असे विचारण्याआधी ‘पाणी रोज कधी येणार?’ हे विचारा. आणि घरी परतल्यावर टॉर्च घेऊन एकदा खाटेखाली वाकून बघा.