ऑनलाइन पालक-मार्गदर्शन हवे, पण गृहभेटीच्या जागी नको

मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नाशिक

विषय : सहा वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठीच्या ऑनलाइन मार्गदर्शनाबाबत

महोदय/महोदया,

आम्ही नामपूर आणि मोसम खोऱ्यातील गावांत काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा. पालकांना मोबाइलवर व्हिडिओ, ध्वनिसंदेश आणि खेळ पाठवण्याचे काम आता आमच्याकडे येत आहे. ‘सेविकांना ऑनलाइन काम नकोच असते’ हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. आमचे म्हणणे त्याहून वेगळे आहे, म्हणून ते कारणांसह मांडत आहोत.

मोबाइलचा उपयोग आम्ही जाणतो. 2020 च्या टाळेबंदीत अंगणवाड्यांना कुलूप होते, तेव्हा फोनवरूनच आम्ही घराघरांशी जोडलेल्या राहिलो. द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलेल्या कुटुंबाला वरच्या आहाराची आठवण आजही फोनवरूनच देता येते. पालक मेळाव्याला न येणारा बापही रात्री जेवणानंतर दोन मिनिटांचा संदेश ऐकतो.

पण केवळ त्यावर विसंबता येणार नाही. पहिले कारण म्हणजे फोन सर्वांच्या हाती सारखा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 38 टक्के होत्या, तर पुरुष 61.5 टक्के. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर बापाच्या खिशात असतो. कांदा लागवडीच्या दिवसांत आई सकाळीच रोजाने जाते आणि बाळ आजीकडे राहते. आजी अहिराणी बोलते. आपण संदेश पाठवतो तो छापील मराठीत, आणि तोही बापाच्या फोनवर.

दुसरे कारण याहून मोठे आहे. बाळ छातीला नीट लागते का, आवाजाच्या दिशेने मान वळवते का, बाळंतिणीचे मन खचले आहे का, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशा दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेटते. त्यामागे हाच अनुभव आहे. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही पद्धत महाराष्ट्रातच पातळ होऊ नये.

तिसरे कारण मागच्या अनुभवाचे. मार्च 2021 मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. मराठीतून काम करता येत नाही आणि दिलेले मोबाइल निकामी झाले आहेत, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोबाइल परत केले. आम्हाला आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती.

म्हणून आमच्या मागण्या :

1. ऑनलाइन संदेश गृहभेटीला पूरक मानावा. संदेश पाठवला म्हणून एकही गृहभेट, वजन-उंचीची नोंद किंवा पालक मेळावा कमी करू नये.

2. संदेश ध्वनिरूपात, मराठी आणि अहिराणीत असावेत. आजी-आजोबांसाठी वेगळे संदेश असावेत.

3. स्मार्टफोन नसलेल्या घरांची यादी अंगणवाडीनिहाय करावी. त्यांना साध्या फोनवर आवाजी कॉल यावा आणि गृहभेटीत त्यांना प्राधान्य असावे.

4. व्हिडिओ पालकांसाठीच असावेत. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. ही सूचना प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ऐकवावी.

5. चालणारा मोबाइल, वेळेवर रिचार्ज आणि या कामाचा स्वतंत्र मोबदला द्यावा. रात्री आलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत उत्तर देण्याची मुभा असावी.

6. एका कामाची नोंद एकदाच घ्यावी. तीच माहिती ॲपमध्ये, रजिस्टरमध्ये आणि पुन्हा ग्रुपवर फोटो टाकून मागू नये.

7. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय मागू नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कुपोषित बालकाचा किंवा स्तनदा मातेचा फोटो ग्रुपवर टाकण्यास पूर्ण मनाई असावी.

8. पालकांचे जे प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचे असतात, त्यांना उत्तर देण्यासाठी डॉक्टरांची ठरलेली वेळ आणि क्रमांक मिळावा. शंका आलेल्या बालकाची तपासणी कधी आणि कुठे होईल हे त्याच संभाषणात ठरावे.

9. मजकूर ठरवणाऱ्या समितीत सेविका, आशा आणि पालक असावेत. प्रशिक्षण समोरासमोर, बीटनिहाय व्हावे.

10. किती व्हिडिओ पाहिले गेले यावरून कार्यक्रमाचे यश मोजू नये. मुलाचे वजन, त्याचे बोलणे-खेळणे आणि घरच्यांच्या वागण्यातला बदल यावरून मोजावे.

यांतल्या दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या मागणीला फारसा खर्च नाही. त्या लगेच मान्य करता येतील. उरलेल्यांवर नामपूर येथे आमच्यासोबत बैठक घ्यावी आणि लेखी उत्तर द्यावे. कार्यक्रम यशस्वी करण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ. तो ठरवताना आमचे ऐकून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या विश्वासू,
नामपूर परिसरातील अंगणवाडी सेविका, मदतनीस व आशा यांच्या संघटनेच्या वतीने